सापडलेल्या दगडांचा हंगाम

"समस्त ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, हातातली कामं क्षणभर बाजूला ठेवा आणि एक अत्यंत गंभीर सूचना लक्षपूर्वक ऐका. गावाबाहेरच्या वळणावर, रस्त्याच्या कडेला, एक दगड एकटा सापडला आहे. रंग काळा. अंगावर चिखलाशिवाय काही नाही. नाव विचारलं तर सांगत नाही, पाणी दिलं तर पीत नाही. रडत मात्र नाही, गुणी आहे. ज्या कोणाचा असेल त्यांनी मंडपवाल्या आप्पाच्या अंगणातून, ओळख पटवून, तो ताबडतोब घेऊन जावा. घरचे काळजीत असतील."

मंडपवाला आप्पा म्हणजे मीच. कळसाडीत माझा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा आहे. तापीकाठच्या प्रकाशा गावच्या यात्रेत हरवलेली पोरं, चुकलेल्या म्हाताऱ्या, एकाच पायातली चप्पल, हे सगळं वर्षानुवर्षं माझ्या आवाजात सापडत आलं आहे. माईक हातात आला की आमची अहिराणी जीभ इस्त्री फिरवल्यासारखी कडक होते. घरात दिवसभर 'शे' म्हणणारा मी माईकवर 'आहे' म्हणतो, तेही छाती पुढे काढून. त्यामुळे वरची सूचना गावाने आधी खरीच मानली. दोन म्हाताऱ्या तर पोर कोणाचं म्हणून विचारत अंगणापर्यंत आल्या, आणि दगड बघून मला शिव्या देत परत गेल्या.

हे दोन-तीन वर्षांपूर्वीचं. आज सकाळी दार उघडलं आणि तो हंगाम नाकात शिरला. ऊसतोड सुरू झाली आहे. पाचट जाळल्याचा गोडसर धूर, तापीकडून आलेलं ओलं धुकं, डिझेल आणि रसाचा आंबूस वास, हे चारही एकत्र आले की मी माईकची तार शोधायला लागतो. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकलेला असतो. गाडीतून उडालेला, फुकटचा, झाडांना लग्नात सजवल्यासारखा. आणि त्या बाभळींखालून ट्रॅक्टर येतो. मागे एक ट्रॉली, तिच्या मागे दुसरी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माझ्या धंद्याला लाजवील असा स्पीकर. आधी गाणं येतं, मग ट्रॅक्टर येतो, मग बऱ्याच वेळाने दुसरी ट्रॉली येते. तिच्या मागे दिवा नसतो. अंधारात ऊस म्हणजे काळोखाचाच एक तुकडा. फरक इतकाच, की काळोखाला धडकून कोणी पडत नाही.

आणि दगड. या हंगामाचं खरं पीक दगड आहेत.

आमच्याकडे वाहन बंद पडलं की एक रीत आहे. ती वाईट नाही, मी तिचा आदरच करतो. ट्रॉली पंक्चर झाली की ड्रायव्हर उतरतो, बांधावरचे चांगले दणकट दगड उचलतो, मागे अर्धगोल मांडतो, पुढे दोन ठेवतो, चाकाखाली एक सरकवतो, वरून बाभळीची फांदी रोवतो. त्यात भाषा आहे: बाबा रे, मी अडकलोय, जरा जपून. शहरातले लोक लाल त्रिकोण म्हणतात तो हाच, फक्त काटेरी. गंमत पुढची आहे. पंक्चर निघतं, ट्रॉली सुटते, ड्रायव्हर गाणं लावतो आणि जातो. दगड तिथेच. फांदी वाळते, कोणीतरी सरपणाला नेतं. दगड तिथेच. ज्या संकटाची ते खबर देत होते ते संकट केव्हाच कारखान्यात जाऊन साखर झालं, आणि आता दगड हेच संकट.

तो उचलायचा कोणी? ठेवणारा म्हणतो, मी तर सगळ्यांच्या भल्यासाठी ठेवला. मागचा मोटारसायकलवाला वळसा घालतो आणि कोणाचा तरी उद्धार करून पुढे जातो. जीपवाला दोन चाकांच्या मधून काढतो आणि स्वतःवरच खूश होतो. पायी जाणाऱ्याला तर तो लागतही नाही. शेताची वाटणी करायला बसलं की प्रत्येकाला आपला वाटा जास्त हवा असतो. रस्त्याची वाटणी मात्र अशी, की जबाबदारीतला आपला वाटा सगळे दुसऱ्याच्या बांधात सरकवतात.

आता आमच्या घरच्या सरकारची ओळख करून देतो. सुलोचना. प्रकाशाला स्टँडजवळ तिचं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि ब्लाउजांचा डोंगर. चाळिशी ओलांडल्यावर ती सायकल शिकली. बसच्या वेळेवर तिचं गिऱ्हाईक चालत नव्हतं आणि मला सोडायला सांगितलं तर मी कुठल्या तरी लग्नात माईक चाचणी करत असे. शिकताना ती आमच्याच शेणखताच्या ढिगात पडली. मी हसलो, तर तिथूनच म्हणाली की पुढचं मंडपाचं कापड तुमचं तुम्हीच शिवा. मी हसणं थांबवलं. महिन्याभरात ती नऊवारीतल्या म्हाताऱ्यांसमोरून घंटी वाजवत जायला लागली, आणि ती घंटी मला अजूनही सनईपेक्षा बरी वाटते. मी सनई भाड्याने देतो, त्यामुळे हे मत अनुभवाचं आहे.

त्या हंगामात, एका धुकट सकाळी, वळणावर समोरून एक जीप आली. दिवा अप्पर. सुलोचनाचे डोळे दिपले, तिने सायकल कडेला घेतली, आणि कडेला तो होता. काळा, अर्धवट गोल, आरामात पहुडलेला. पुढचं चाक त्याच्यावर चढलं आणि ती हातावर पडली. जीप गेली. तिला उचललं रायकीबाईने. ही सातपुड्यातून, धडगावकडून, ऊसतोडीला आलेल्या टोळीतली बाई. टोळीच्या झोपड्या तिथेच शेताच्या कडेला होत्या. तिची बोली पावरी, हिची अहिराणी. पण दुखतंय कुठे हे कळायला दोघींना दुभाषा लागला नाही. रायकीबाईने उसाचं कांडं हाताला बांधून, लुगड्याच्या चिंधीने आवळून तिला घरी आणलं. येताना सुलोचनाने तिला एकच गोष्ट खुणेने सांगितली होती. रायकीबाईच्या डोक्यावरच्या टोपलीत तो दगड होता.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर आलं. आणि प्लास्टरच्या मागोमाग गाव आलं.

आमच्याकडे समाचाराला येणं हाही एक हंगाम असतो. खाट, चहा, आणि आरोपीची चौकशी. कोणी म्हणालं, धुक्यात कशाला निघायचं. कोणी म्हणालं, साडी चाकात गेली असेल. एकाने वय काढलं. एका बाईने हळूच सांगितलं की सायकलीने पाठीचे मणके ढिले होतात, तिच्या मावसबहिणीचे झाले होते. ती मावसबहीण सायकल चालवत होती का, हे विचारल्यावर ती दुसऱ्या विषयाकडे वळली. अप्पर दिव्याच्या जीपबद्दल कोणी बोललं नाही. आणि दगडाला तर कोणी एक शब्द लावला नाही. तो अंगणात सगळ्यांच्या पायाशी पडून होता, पाहुण्यासारखा.

शेवटी तुकाराम अण्णा आले. माझे थोरले चुलतभाऊ. एक ट्रॅक्टर, दोन हिरव्या ट्रॉल्या, पंचक्रोशीतला ऊस कारखान्यात नेणारे. गावात भांडण झालं की निवाडा त्यांच्याकडे जातो, आणि झालं नसलं तरी ते जाऊन निवाडा देतात. आमच्यात थोरला दीर भावजयीशी समोरासमोर बोलत नाही. ती पदर घेऊन दाराशी उभी, ते खाटेवर, आणि मधे मी. मी म्हणजे चालताबोलता टेलिफोन. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत असतं, तरीही निरोप माझ्यातूनच जायला लागतो.

अण्णा मला म्हणाले, "तिले सांग, सायकल आते इकी टाक. रस्तावर दगड ऱ्हातसच. दगडले काय डोया ऱ्हातस?"

मी तिच्याकडे वळायच्या आत दारातून आलं, "त्यासले सांगा, दगडले डोया नही, पन ठेवनाराले शेतस ना?"

अण्णांनी चहा बशीत ओतला. त्यांचं म्हणणं असं होतं की सायकल विकून टाकावी; बाईमाणूस सायकलवरून पडलं की खानदानाचं नाव रस्त्यावर सांडतं. मशीन घरी आणावी, ब्लाउज घरी शिवावेत, गिऱ्हाईक येईल ते येईल. मी हे सगळं इमानाने पोचवलं. गिऱ्हाईक कळसाडीला येणार नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. सायकल गेली तर दुकान जाणार, आणि दुकान गेलं तर सुलोचनाची ती सकाळ जाणार, जिच्यात ती कोणाची सून, कोणाची वहिनी नसते; नुसती घंटी वाजवत जाणारी एक बाई असते. ते निघून गेल्यावर सुलोचना मोकळ्या हाताने सायकलची घंटी पुसायला लागली. मला वाटलं, आता ही रडेल. तिने विचारलं, तुमचा माईक रिकामा आहे का?

ती कल्पना तिची. शब्द, आणि दगड रडत नसल्याचं, मात्र माझं.

पहिल्या सूचनेने गाव हसलं. दुसरीने जरा कमी हसलं. कारण मग दगड यायला लागले. लग्नाचे स्पीकर टाकून येताना माझ्या टेम्पोत परतीची जागा रिकामीच असते. सुलोचना प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून शेजारी बसायची आणि बोट दाखवायची. मी उतरून उचलायचो. माझ्या कमरेने त्या हंगामात माझ्याशी बोलणं सोडलं. रायकीबाईची टोळी शेताकडे जाताना वाटेतले दगड एका जागी रचून ठेवायची. अंगणात रांग लागली. मी रोज संध्याकाळी दूध घालायच्या वेळेला नवी भर जाहीर करायचो. "नाल्याजवळ तीन भावंडं सापडली आहेत. ती एकमेकांना सोडायला तयार नाहीत." "पुलाच्या अलीकडे एक पोक्त दगड, सोबत बाभळीची वाळकी फांदी. जोडीने प्रवास करत असावेत." ऐकणारे हसत, पण दुसऱ्या दिवशी टोमणे मारताना एकमेकांकडे संशयाने बघत. हा तुझा तर नाही ना? परवा तुझी ट्रॉली तिथेच बसली होती.

मालक कोणीच आला नाही. हे लिहून ठेवण्यासारखं आहे. साधी चप्पल सापडली तर दोघं भांडत येतात.

आता कोणी म्हणेल, सगळा दोष ट्रॅक्टरवाल्यांच्या माथी मारलात. तसं नव्हतं, आणि याचं श्रेय मला नाही. सुलोचनाने सुरुवात घरातून केली. मी मोटारसायकल चालवताना समोरून गाडी आली तरी दिवा खाली करत नसे; मला वाटायचं, मला नीट दिसलं पाहिजे. मागे बसून ती प्रत्येक गाडीला माझ्या पाठीत एक चिमटा काढायची. डिप्पर द्यायची सवय मला त्या चिमट्यांनी लावली. आता रिकाम्या रस्त्यातही समोर उजेड दिसला की माझी पाठ आखडते. मग तिने स्वतःच्या सायकलीकडे मोर्चा वळवला. मागे चमकणारी पट्टी लावली, पुढे दिवा बसवला, आणि काळी शाल पेटीत टाकून जरीची पिवळी काढली. लग्नातली. म्हणाली, आता तरी वापर होईल. रायकीबाईच्या टोळीतल्या बायकांना तिने खुणांनी सांगितलं की वाहनाकडे पाठ करून चालू नका, तोंड करून चाला. येणारा दिसला तर उडी तरी मारता येते. रायकीबाईने उलट तिला ऐकवलं, ते मला टोळीच्या मुकादमाकडून कळलं: सायकलवाल्या बाया मागून न वाजवता अंगावर येतात, घंटी काय देवाला वाहायला ठेवली आहे का. तेव्हापासून आमची घंटी वळणापासूनच वाजायला लागते.

माणूस तोच असतो, बूड बदललं की स्वभाव बदलतो. पायी चालताना मला सगळे गाडीवाले माजलेले वाटतात. सायकलवर बसलो की पायी चालणारे आंधळे वाटतात. टेम्पोत बसलो की हे दोघेही माझ्या वाटेत आलेले वाटतात. आणि एका दिवसात मी तिन्ही असतो. म्हणजे संध्याकाळी घरी परतणारा मी हा सकाळी निघालेल्या मला शिव्या देत आलेला असतो.

माझ्याकडे जुन्या सीडींचं पोतं होतं. लग्नाच्या चित्रीकरणाच्या, गाण्यांच्या, कोणी न नेलेल्या. सुलोचनाने त्या भोकातून तार ओवून माळा केल्या आणि ओळखीच्या ट्रॉलीवाल्यांना मागे बांधायला दिल्या. दिवा पडला की सीडी चमकते. काहींनी नाक मुरडलं, काहींनी गंमत म्हणून बांधल्या. एका ट्रॉलीच्या मागे आमच्याच सरपंचांच्या लग्नाची सीडी लागली. पुढे कितीतरी दिवस त्यांचा संसार उसाच्या मागे लुकलुकत कारखान्यापर्यंत जात होता.

तुकाराम अण्णांनी माळ परत पाठवली. निरोप होता: आमची ट्रॉली नवरदेव नाही.

हंगाम संपत आला, प्लास्टर निघालं, आणि सुलोचनाने सायकलची हवा तपासली. ही बातमी अण्णांपर्यंत गेली. त्या संध्याकाळी मी माईक हातात घेतला होता, डेअरीवरून परतणारे लोक सवयीने अंगणात थांबले होते, आजचे हरवलेले कोण, हे ऐकायला. रायकीबाईही होती, टोळी परत सातपुड्यात जायची म्हणून ती सुलोचनाकडून शिवलेली चोळी न्यायला आली होती. अण्णा गर्दीतून सरळ आत आले. समाचाराला येऊन गेल्यानंतर ते पहिल्यांदाच अंगणात येत होते.

बोलणं मोजकं झालं. ते म्हणाले की तमाशा पुरे झाला. गावात त्यांना कोणी नीट रामराम करत नाही, आधी दगडांची विचारपूस करतं. दगड शेतात टाक, माईक मंडपात ठेव, आणि सायकल आजपासून घरात राहील. थोरला म्हणून सांगतो आहे. आमच्याकडे थोरल्याने चार लोकांत शब्द टाकला की तो खाली पडू देत नाहीत. मी टेलिफोन होतो, पण त्या क्षणी माझी लाइन गेली.

सुलोचनाने पदर सारखा केला. आणि मला न सांगता, माझ्या अंगावरून, थेट बोलली.

"अण्णा, मी उद्या प्रकाशाले जासू. सायकलवर जासू. तुमले थांबाडनं व्हई ते सायकलले थांबाडा, मी काही हात लावत नही."

लग्नानंतर ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली होती. एका म्हातारीच्या हातातली दुधाची किटली खाली टेकली, तेवढाच आवाज झाला. मी मनात म्हटलं, गेलं. आता या अंगणात अण्णा पुन्हा कधी येणार नाहीत, आणि त्यांनी सायकल उचलून नेली तर हात धरायची माझी हिंमत नाही.

इथे क्षणभर थांबतो. धंद्याची सवय आहे. मुलगा सापडला हे सांगण्याआधी मी आईला जरा श्वास घेऊ देतो. आज सकाळी धुक्यातून घंटी वाजत गेली ती ऐकून मी हे लिहायला बसलो. रस्त्यावर दगड या वर्षीही आहेत. एवढ्याशा तमाशाने सगळे उचलले जातील असं मला वाटत नाही. पण निघताना वाकणारे ड्रायव्हर मी आता डोळ्यांनी बघतो. दगड उचलतात, इकडेतिकडे बघतात आणि ट्रॉलीत टाकतात. भीती दंडाची नाही, माईकची आहे. ज्यांना माईकचीही भीती नाही त्यांचे दगड मी आजही जाहीर करतो. मला बंद कर म्हणून सांगणारे अधूनमधून येतात. त्यांना मी चहा पाजतो आणि संध्याकाळी आणखी मोठ्याने बोलतो.

तर, ते अंगण. सायकल तुळशीजवळ उभी होती. तिथली माती मऊ, स्टँड रुततं, म्हणून सुलोचनाने स्टँडखाली तो पहिला दगड ठेवला होता, तिला पाडणारा. बाकी सगळे रांगेत होते, हा एकटा वेगळा, आणि पालथा. पालथा का, हे मी तिला तेव्हा विचारलं नाही, नंतरही नाही.

अण्णा पुढे झाले. एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्याने सीट, आणि सायकल झटक्याने उचलली. स्टँड अडकलं, दगड त्याच्याबरोबर उठला आणि उलटा पडला. त्या बाजूचा चिखल धुतलेला होता. मधोमध अर्धं भोक, फुटलेल्या जात्याचं असतं तसं. आमच्याकडे जात्याला घट्या म्हणतात. आणि कडेला हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका, अण्णांच्या ट्रॉल्यांना असतो तोच हिरवा.

अण्णांनी सायकल तशीच हवेत धरली होती. ते वाकून बघत राहिले. माझ्या हातातल्या माईकचं बटण चालू होतं, हे माझ्या लक्षात नव्हतं, आणि त्यांच्याही. महिन्यांनी भेटलेलं पोर ओळखावं तसा त्यांचा चेहरा उजळला, आणि कळसाडीतल्या घराघरांत त्यांचा आवाज गेला:

"आरे, हाऊ ते मन्हा घट्या शे! चाकखाले लावाले ठेयेल व्हता, कवयना धुंडी ऱ्हायनू मी याले!"